रेंडरही चालू, माईकही चालू: ग्राफिक्स कार्डाचा कूलर बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातला वन-बीएचके फ्लॅट. ताई मराठी ऑडिओबुकं वाचतात, त्यांचे यजमान बिल्डरांना इमारतींची थ्रीडी चित्रं करून देतात. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एरवी आम्ही त्यांना ताई आणि दादा म्हणतो, तेच इथे ठेवलं आहे. दोघांची कामाची जागा एकच, बेडरूम. एका भिंतीला दादांचा कॉम्प्युटर आणि समोरच्या कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला गोधड्या टांगून उभा केलेला ताईंचा माईक.

कामाची वेळही एकच. रस्ता शांत होतो तो रात्री दहानंतर, तेव्हा ताई रेकॉर्डिंगला बसतात. दादांच्या गिऱ्हाइकाला चित्रं सकाळी हवी असतात, म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने तासन्‌तास गणित करून अंतिम चित्र तयार करण्याचं काम, तेही रात्रीच लावावं लागतं.

कॉम्प्युटरमध्ये जीटीएक्स १०७० ग्राफिक्स कार्ड. २०१६ साली आलेली ही चिप, ८ जीबी मेमरी, वीज १५० वॅट. दादांनी ते जुनं विकत घेतलेलं, वॉरंटी केव्हाच संपलेली. कूलर ब्लोअर पद्धतीचा: बंद डब्यात पातळ पत्र्यांचं हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), एका टोकाला छोटा गोल ब्लोअर, आणि गरम हवा सरळ कॅबिनेटच्या मागून बाहेर. अडचणीच्या कॅबिनेटमध्ये ही रचना उपयोगाची असते, कारण आतलं बाकी सामान तापत नाही. पण छोट्या चाकाने दाट पत्र्यांमधून हवा रेटायची तर ते चाक जोरात फिरवावंच लागतं.

नेमकी अडचण

मागणी आली ती "आवाज कमी करून द्या" एवढीच. कुठला आवाज आणि केव्हाचा, हे कळल्याशिवाय कूलर शोधायला निघण्यात अर्थ नव्हता. मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपवर माझा भरवसा नाही. हाताशी त्याहून चांगलं साधन होतं, ताईंचा स्वतःचा माईक. जागा तीच, गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) तोच ठेवून, काही न बोलता अर्ध्या मिनिटाची रिकामी रेकॉर्डिंगं घेतली: कॉम्प्युटर बंद, कॉम्प्युटर नुसता चालू, आणि रेंडर चालू.

ऑडिओबुकांच्या जगात एसीएक्स या ऑडिबलच्या ऑडिओबुक-मंचाचा नियम बरेच जण प्रमाण मानतात. वाचनाची पातळी उणे २३ ते उणे १८ डीबीच्या दरम्यान आणि रिकाम्या जागेतला आवाज, म्हणजे तळ, उणे ६० डीबीच्या (डेसिबलच्या) खाली; उणे आकडा जितका मोठा, तितकी शांतता जास्त. ताईंच्या वाचनाच्या पातळीला धरून पाहिलं, तर रेंडर चालू असताना हा तळ उणे ५२ च्या आसपास येत होता. कॉम्प्युटर बंद केल्यावर उणे ६४. म्हणजे खोली चांगली होती. अडथळा कार्डाचाच होता.

आकड्यापेक्षा स्पेक्ट्रमने, म्हणजे कुठल्या सुराला किती आवाज आहे त्या आलेखाने, जास्त सांगितलं. १२०० हर्ट्झच्या जवळ एक सुळका उभा होता. ब्लोअरला ३३ पाती आणि रेंडरच्या वेळी वेग मिनिटाला २२०० फेरे. सेकंदाला साधारण ३७ फेरे, गुणिले ३३ पाती. उत्तर बरोबर त्या सुळक्यावर येतं. हा सूर माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात मधोमध बसतो, त्यामुळे तो कापायला गेलं की ताईंचा आवाजही कापला जातो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ताईंनी सांगितली. "मोठा असला तरी चालेल हो, पण तो मधेच सूर बदलतो. एक वाक्य एका सुरावर, पुढचं दुसऱ्यावर. जोडायचं कसं?" सॉफ्टवेअरने गोंगाट काढताना आधी रिकाम्या जागेचा नमुना द्यावा लागतो आणि तो नमुना पुढे सारखाच राहील असं गृहीत धरलेलं असतं. एक फ्रेम संपून दुसरी सुरू होताना तापमान खाली-वर व्हायचं, त्याच्यामागे ब्लोअरचा वेग, आणि नमुना फुकट जायचा.

तेव्हा ठरलं की आपल्याला कमी आवाज हवा आहेच, पण त्याआधी एकसारखा आवाज हवा आहे. पुढचे बहुतेक निर्णय या एका वाक्यावरून झाले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बिनखर्चाचा होता. धूळ साफ करून चिप आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलली आणि आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज उतरवलं. ०.९ व्होल्टला कार्ड १८५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चाललं, वीज १२० वॅटच्या आसपास आली, रेंडरच्या वेळेत जाणवण्यासारखा फरक पडला नाही. तापमान ८३ वरून ७७ अंशांवर, ब्लोअर १७५० फेऱ्यांवर, आणि माईकवरचा तळ उणे ५७. कूलर बदलायचा असो वा नसो, हे प्रत्येकाने आधी करावं असं माझं ठाम मत आहे. जी उष्णता तयारच होत नाही, ती काढण्यासाठी पंखा फिरवावा लागत नाही.

इथे थांबता आलं असतं का? ब्लोअर १७५० वर कायमचा बांधून ठेवला, म्हणजे सूर बदलायचा थांबला. उरलेलं काम सॉफ्टवेअरने करून पाहिलं. तळ उणे ६० च्या खाली गेला, पण ताईंना ते पटलं नाही. श आणि स बोथट झाले, वाक्याअखेरचा श्वास कापल्यासारखा ऐकू येऊ लागला. हेडफोन लावून मीही ऐकलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. वेग आणखी उतरवून १४०० ला बांधला तर तापमान पुन्हा ८३ ला जाऊन कार्ड स्वतःच कामाचा वेग कमी करायला लागलं, तेही डिसेंबरात.

ज्या कार्डांवर उघडं हीटसिंक असतं, त्यांच्यासाठी एक सोपा उपाय आहे. प्लास्टिकचं आवरण आणि छोटे पंखे काढायचे, त्याच हीटसिंकला १२० मिमीचे दोन पंखे बांधायचे. खर्च थोडा, फायदा मोठा. पण ब्लोअर कार्डाचं हीटसिंक लांबीच्या दिशेने हवा जावी असं बनवलेलं आणि वरून झाकलेलं असतं. त्यावर वरून हवा मारून काही साधत नाही. हा पर्याय तिथेच बाद.

पाण्याच्या कूलरचा विचार दादांच्या मनात पक्का बसला होता. तापमानाच्या दृष्टीने तो उत्तमच ठरला असता. पण पंप कॉम्प्युटर चालू असेपर्यंत गुणगुणतो, काम असो वा नसो. एकाच खोलीत माईक असताना तो नको, असं मी सांगितलं. शिवाय तसल्या जोडणीत पाणी फक्त चिपवर पोचतं. मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागाचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

कार्ड विकून नवं घेण्याचाही हिशेब मांडला. नवी कार्डं मुळातच मोठ्या, शांत कूलरसकट येतात, म्हणून तर सुटे कूलर बाजारातून मागे पडत गेले. पण दादांच्या कामाला हे कार्ड पुरत होतं आणि नव्याचा खर्च त्या वर्षी पेलणारा नव्हता. कूलर आणि पंखे मिळून खर्च जुन्या कार्डाच्या किमतीच्या निम्म्याच्या आत बसत होता.

निवड

मोठं हीटसिंक आणि त्यावर मोठे, संथ पंखे. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डीबीने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते. या सौद्यात फायदा आपला, फक्त तेवढ्या हवेत भागेल इतकं मोठं हीटसिंक हवं.

९२ मिमीचे पंखे बसवूनच येणारे कूलर पाहिले. ते आटोपशीर असतात, पण पंखा बिघडला तर तसाच शोधत बसावं लागतं. शेवटी रायजिनटेकचा मॉर्फियस २ घेतला. ६ मिमीच्या बारा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), १२९ पत्र्या आणि पंखे आपल्या पसंतीचे. ३६० वॅटपर्यंतचा म्हणून तो विकला जातो. आपल्याला १२० पुरे होते. हीच फाजील ताकद हवी होती, कारण तिच्या जोरावर पंखा एकाच संथ वेगाला बांधून ठेवता येतो.

तो इथल्या दुकानांत मिळाला नाही, एका वापरकर्त्याकडून जुना घेतला. जुना कूलर घेताना हीटसिंकपेक्षा स्क्रूंची पुडी आधी पाहावी. स्प्रिंगचे स्क्रू, आधाराच्या पट्ट्या, वायसर, सगळं पुडीत आहे ना आणि आपल्या कार्डाच्या भोकांना लागतं ना? या कार्डावर चिपभोवतीच्या भोकांमधलं अंतर साधारण ५८ मिमी आहे.

मग मापं. हीटसिंकची जाडी ४४ मिमी, पंखा २५, मिळून ६९. मदरबोर्डवरच्या दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी, म्हणजे चार स्लॉटची जागा जाणार. चौथ्या स्लॉटमधलं वायफाय कार्ड काढून दादांनी लॅनची वायर ओढली. कार्डाच्या वरच्या कडेपासून कॅबिनेटच्या काचेपर्यंतचं अंतरही मोजलं. हीटपाइपांची वळणं तिथे अडली असती तर सगळी खरेदी वाया गेली असती.

बसवणी

जुना कूलर काढण्याआधी कार्ड काही मिनिटं गरम केलं. गार असताना पेस्ट घट्ट धरते, आणि तशात कूलर सरळ वर ओढला तर चिपवर ताण येतो. गरम असताना अलगद पिळला की सुटतो. ब्लोअरची वायर काढताना वायरला हात न लावता चिमट्याने प्लग धरायचा. निघालेले स्क्रू एका कागदावर कार्डाचं चित्र काढून जागच्या जागी टोचून ठेवले.

पहिला खरा निर्णय इथे आला. जुन्या कूलरखाली एक जाड पत्रा होता, तो मेमरीच्या आठ चिप आणि वीजपुरवठ्याचे मॉसफेट (चिपला लागणारी वीज नियंत्रित करणारे छोटे भाग) यांना टेकलेला. तो राहिला असता तर निम्मी काळजी मिटली असती. पेस्ट न लावता नवा कूलर ठेवून पाहिला, तर त्याचा तळ पत्र्याच्या एका कडेला अडत होता आणि चिपला नीट टेकत नव्हता. पत्रा कानशीने घासायचा की काढून टाकायचा? घासला तर जुना कूलर परत बसवायची वाट अर्धी बंद होते आणि धातूचा कीस बोर्डावर पडायची भीती वेगळीच. पत्रा काढला.

मग मेमरीवर सुटे तांब्याचे हीटसिंक लावणं आलं. ते बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळाले, मागे चिकटपट्टी लावलेलेच. या जोडणीतली सगळ्यात नाजूक जागा हीच. टॉवर कॅबिनेटमध्ये कार्ड पालथं असतं. मेमरीवरचे हीटसिंक खाली लोंबकळतात, आणि पट्टी उष्णतेने सैल पडली तर तो तांब्याचा तुकडा खालच्या बोर्डावर पडतो. शॉर्ट झालं तर कार्डाबरोबर मदरबोर्डही जाईल. म्हणून चिप ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, हीटसिंक दाबून बसवले, आणि कार्ड रात्रभर पालथं टांगून ठेवलं. सकाळी एक तुकडा सुटलेला दिसला. त्या चिपवर जुन्या पॅडचं तेल राहिलं होतं. सगळेच काढून पुन्हा पुसले, पट्टी नवी लावली, आणि ड्रायरने ऊब देत टांगणीची परीक्षा परत घेतली. कायमचा गोंद वापरा, असं काही जण सांगतात. मला तो पटत नाही. उद्या तुकडा काढायची वेळ आली तर चिपही बोर्डावरून उचकटून येऊ शकते.

चिपचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी आणि वर कुठलंही धातूचं झाकण नाही, उघडं सिलिकॉन. त्यामुळे पेस्ट मध्यभागी ठिपका देऊन न सोडता पातळ थरात सगळीकडे पसरली. कोपरा कोरडा राहिला तर तिथे उष्णता साठते. स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत आवळले. एक बाजू आधी घट्ट केली तर चिपचा कोपरा टवका उडून जातो, आणि ते नुकसान भरून येत नाही. एकदा बसवून लगेच काढून पेस्टचा ठसा पाहिला. चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा होता. मग नवी पेस्ट लावून कायमचा बसवला.

पंख्यांची वायर कुठे जोडायची हाही निर्णयच. मदरबोर्डवर जोडली तर पंखे सीपीयूच्या तापमानामागे धावतात, कार्डाच्या नाही. ते सॉफ्टवेअरने सुधारता येतं, पण सॉफ्टवेअर बंद पडलं तर कार्ड उघड्यावर. म्हणून पंखे कार्डालाच जोडले. कार्डावरचा चार पिनांचा प्लग नेहमीच्या पंख्याच्या प्लगपेक्षा बारीक असतो, २ मिमी अंतराचा; त्यासाठी जोडवायर घेतली. जुन्या ब्लोअरचा प्लग कापून काम भागलं असतं, पण मग जुना कूलर निकामी झाला असता.

पंखे पाच पात्यांचे, १२० मिमीचे. हळूहळू वेग वाढवत ताईंच्या माईकवर ऐकत गेलो आणि ७०० फेऱ्यांवर थांबलो. या वेगाला पात्यांचा सूर ५८ हर्ट्झवर येतो. ताई रेकॉर्डिंगवर तसाही ८० हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर लावतात, म्हणजे सूर पूर्णच बाहेर. चिप ७५ अंशांपर्यंत असेतो वेग ७०० च राहील, त्यापुढे झपाट्याने वाढेल, अशी आखणी केली. भरवसा कितीही असला तरी ही वरची मोकळीक ठेवायलाच हवी.

परिणाम

चिपचं तापमान पाहून सगळे खूश झाले. खोली २४ अंश, रेंडर दोन तास चालू, चिप ५२. बहुतेक लोक इथेच काम संपलं असं समजतात. पण या कार्डावर मेमरी किंवा मॉसफेटचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब बोर्डाच्या मागच्या बाजूला, मॉसफेटच्या बरोबर पाठीमागे चिकटवून पाहिला. जुन्या कूलरबरोबर तिथे ७४ होते. आता ९१ आणि अजून चढतच होते. मॉसफेट स्वतः १२५ ते १५० अंश सोसतात, तरी मे महिना समोर होता आणि शेजारच्या कपॅसिटरांचं आयुष्य तापमान वाढेल तसं घटत जातं.

कारण उघड होतं. जुना पत्रा त्या भागाची उष्णता पसरवत होता आणि ब्लोअर त्यावरून हवा नेत होता. आता तिथे छोटे हीटसिंक आणि संथ हवा. एकेक मॉसफेटवरचे तुकडे काढून सगळ्यांवर मिळून एक लांब अॅल्युमिनियमची पट्टी पॅडसकट बसवली, आणि कॅबिनेटच्या पुढे खाली १४० मिमीचा एक संथ पंखा आत हवा घेणारा लावला. या बोर्डावर मॉसफेट शेपटीकडे, म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या बाजूलाच आहेत, त्यामुळे हवा सरळ त्यांच्यावर येते. ९१ चे ७८ झाले. तोच पंखा सीपीयूलाही उपयोगी पडला, कारण पूर्वी बाहेर जाणारी कार्डाची गरम हवा आता कॅबिनेटमध्येच सुटते. तो लावूनही सीपीयू पूर्वीपेक्षा पाचेक अंश गरम राहतो.

माईकवरचा तळ रेंडर चालू असताना उणे ६३. कॉम्प्युटर बंद असतानाचा उणे ६४ होता. गोंगाट काढायचं सॉफ्टवेअर ताईंनी वापरणं थांबवलं.

मे महिन्यात पुन्हा मोजलं. रेकॉर्डिंगच्या वेळी खिडकी बंद, छताचा पंखा बंद, खोली ३४ अंश. चिप ६३, मॉसफेटच्या मागे ८८, पंखे ७०० वरच. परदेशी चाचण्यांचे आकडे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे ते वाचताना खोलीपेक्षा किती अंश जास्त, एवढंच उचलावं आणि त्यात आपल्या घरातला उन्हाळा मिळवावा.

एक गोष्ट मात्र नव्याने ऐकू यायला लागली. ब्लोअरच्या आवाजाखाली दबलेली कॉइलची किरकिर. रेंडर सुरू होताना बारीक करकर येते. कूलर बदलून ती जात नाही, ती विजेच्या भागातली आहे. व्होल्टेज उतरवलेलं असल्यामुळे ती सौम्य होती, तरी ताईंच्या कानाला लागलीच.

पुन्हा करायचं झालं तर

त्या किरकिरीवरचा उपाय माईकच्या जागेत सापडला. ताईंचा माईक कार्डिऑइड जातीचा आहे, तो पाठीमागून येणारा आवाज सगळ्यात कमी घेतो. कॉम्प्युटर त्याच्या एका बाजूला येत होता. स्टँड फिरवून माईकची पाठ कॉम्प्युटरकडे केली, गोधड्या त्याप्रमाणे हलवल्या, आणि किरकिर रेकॉर्डिंगमधून गेली. हे काम क्रमाने सगळ्यात आधी यायला हवं: माईक फिरवणं, मग व्होल्टेज, मग मोजमाप, आणि तरीही गरज उरली तर कूलर. या घरात गरज उरली असती असंच मला वाटतं, कारण बदलता सूर माईक फिरवून पूर्ण गेला नसता. पण ज्याला चारपाच डीबीच हवे आहेत, त्याचं काम पहिल्या दोन पायऱ्यांतच होईल.

मॉसफेटसाठीची लांब पट्टी दुसऱ्या वेळी सुरुवातीलाच बसवेन, कार्ड पुन्हा उघडायची वेळ येणार नाही. प्रोबही जुना कूलर असतानाच चिकटवून ठेवावा. तो आधीचा ७४ चा आकडा हाताशी होता म्हणूनच ९१ चा अर्थ लागला.

नवा कूलर पंख्यांसह चांगलाच जड आहे. कार्डाची शेपटी खाली झुकू नये म्हणून टेकू दिला आहे, आणि कॉम्प्युटर हलवायचा झाला तर कॅबिनेट आडवं करूनच न्यायचं, असं दादांना सांगून ठेवलं आहे. जुना ब्लोअर, पत्रा आणि स्क्रूंचा तो कागद एका डब्यात त्यांच्याकडेच आहे. कार्ड विकायचं ठरलं तर घेणारा मूळ कूलरच मागण्याची शक्यता जास्त.